पोटातला बँड: ऑपरेशननंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१२ साली वजन उतरवण्यासाठी माझ्या पोटात बँड बसला. तेव्हा वजन ११२ किलो, उंची १५८ सेंटिमीटर. आज वजन ८५च्या आसपास आहे, बँड अजून आत आहे आणि मी अजून डोंबिवलीहून लोकलनं बँकेत जाते. ओळखीच्यांच्या ओळखीतून फोन येतात, "ताई, तुम्ही ते ऑपरेशन केलंय ना?" प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जननं दिलेला कागद आणि माझं म्हणणं जुळलं नाही, तर कागद खरा धरा.

बँड म्हणजे पोटात नक्की काय बसवतात?

सिलिकॉनची एक कडी. जठराच्या वरच्या टोकाला, अन्ननलिका संपते तिथून जरा खाली, ती पट्ट्यासारखी आवळून बसवतात. कडीच्या आतल्या बाजूला फुग्यासारखी पोकळी असते. तिथून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली, स्नायूवर टाकलेल्या बटणाएवढ्या पोर्टला जोडलेली असते. पोर्टमध्ये सुईनं सलाइन भरलं की कडी आवळते, काढलं की सैल होते. कडीच्या वर जठराची एक छोटी पिशवी तयार होते. सुरुवातीला तिच्यात एक-दोन मोठे चमचे मावतील एवढीच जागा असते. जठर कापत नाहीत, आतडी जोडत नाहीत. खाल्लेलं सगळं नेहमीच्याच वाटेनं जातं आणि नेहमीसारखं पचतं.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. आवळता-सैल करता येणारा बँड अशा पद्धतीनं पहिल्यांदा बसवला तो १९९३ साली, बेल्जियममध्ये. अमेरिकेत औषधं-उपकरणं तपासणाऱ्या एफडीएची मंजुरी २००१ची.

माझ्या ओळखीत सगळ्यांनी स्लीव्ह केलंय. बँड जुना झाला का?

हो, बराच मागे पडला. जगभर आता स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून नळीसारखं बारीक करतात) आणि बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात) हीच ऑपरेशनं जास्त होतात, आपल्याकडेही तेच. बँडनं वजन हळू उतरतं, पुन्हापुन्हा क्लिनिकच्या फेऱ्या माराव्या लागतात आणि काही वर्षांनी दुसरं ऑपरेशन करावं लागणाऱ्यांची संख्या कमी नाही. ही माहिती आधी मिळायला हवी. मला मिळाली नव्हती. "उलट करता येतं, काही कापत नाहीत" एवढंच कानावर आलं आणि मी सही केली. पण ज्यांच्या पोटात बँड आधीच आहे, त्यांना तो नीट सांभाळणं भाग आहे. हे पान मुख्यतः त्यांच्यासाठी.

ऑपरेशननंतर किती दुखतं? खांदा का दुखतो?

पोटावर चार-पाच छोटी छिद्रं असतात. त्यातलं पोर्टवालं जरा जास्त दुखतं, कूस बदलताना कळतं. बहुतेकांना एका रात्रीत घरी सोडतात. खांद्याचं दुखणं मात्र कोणी आधी सांगत नाही आणि माणूस घाबरतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवतात. उरलेल्या वायूनं छातीखालचा पडदा डिवचला जातो आणि कळ खांद्यात उठते. दोन-चार दिवसांत जाते. गरम पिशवी आणि घरातल्या घरात चालणं, हे दोनच उपाय मला लागू पडले.

चालण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्याच दिवशी उठवतात. एका पोटरीला सूज आली, ती दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

आंघोळ, ऑफिस, लोकल, गाडी, वजन उचलणं?

आंघोळ साधारण दोन दिवसांनी, जखमा चोळायच्या नाहीत. बसून करायचं काम असेल तर एक-दोन आठवड्यांत ऑफिस. गाडी चालवणं कडक वेदनाशामक गोळ्या बंद झाल्यावर आणि पोट न दुखता ब्रेक दाबता आल्यावर. पाण्याची कळशी, गॅस सिलिंडर, नातवंडं उचलणं चार ते सहा आठवडे बंद. गर्दीच्या वेळची लोकल मी तीन आठवडे टाळली. पोर्टवर कोणाचं कोपर बसलं असतं तर काय, या कल्पनेनंच.

पहिले सहा आठवडे काय खायचं?

प्रत्येक सर्जनचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. ढोबळ क्रम असा: पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण सहा आठवड्यांनी नेहमीचं घट्ट अन्न.

पातळ म्हणजे खरंच पातळ. मुगाचं कढण गाळून, टोमॅटोचं सार, पातळ ताक, नारळपाणी, नाचणीची पातळ आंबील, साय काढलेलं दूध, प्रोटीन पावडर. घोटघोट, दिवसभर. एका वेळी अर्ध्या वाटीपेक्षा जास्त नको. सोडा आणि कोल्ड्रिंक नको, गॅसनं वरची पिशवी फुगते आणि दुखतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मी काय खाल्लं ते सांगते, कारण डाएटिशियनच्या छापील तक्त्यात "प्युरीड चिकन" असलं काहीतरी होतं आणि आमचं घर पडलं माशांचं. गरगट वरण, घोटलेला मेतकूट-भात (भात थोडाच, वरण जास्त), दुधीची मिक्सरमधली भाजी, घट्ट दही, पनीर दुधात घोटून. मग मऊच्या टप्प्यात उकडलेलं अंडं कुस्करून आणि ओले बोंबील. बोंबलासारखं बँडवाल्याचं अन्न नाही. काटा एक आणि मऊ, मांस जिभेनं फुटतं. फक्त रव्यात घोळवून कडक तळलेले नाही, हळद-मीठ-कोकमात शिजवलेले.

दोन आठवडे झाल्यावर "बरं वाटतंय, एक पोळी खाऊन बघते" असं प्रत्येकाला वाटतं. थांबा. कडी जागच्या जागी राहावी म्हणून जठराचे टाके घातलेले असतात आणि तिच्याभोवती शरीराचं आपलं आवरण तयार व्हायला काही आठवडे जातात. त्या काळात ओकाऱ्या झाल्या तर कडी सरकू शकते. पातळ अन्नाचा नियम यासाठी आहे. पोट भरतं की नाही, हा मुद्दाच नाही.

चार आठवडे झाले, मला तर पूर्वीसारखी भूक लागते. बँड बिघडला का?

नाही. सुरुवातीला कडी रिकामी किंवा जवळजवळ रिकामी ठेवतात. ऑपरेशनची सूज उतरली की ती काहीच धरत नाही. पहिला फिल, म्हणजे पोर्टमधून कडीत सलाइन भरणं, साधारण सहा आठवड्यांनी होतो. मधले दिवस वाईट असतात. पैसे गेले, पोटावर भोकं पडली आणि भूक तशीच. या दिवसांत मी चोरून चकल्या खाल्ल्या आणि नवऱ्याजवळ रडले. पहिला फिल झाल्यावरही बहुतेकांना फारसा फरक कळत नाही. तीन-चार वेळा थोडंथोडं भरल्यावर कुठे ताळमेळ बसतो.

फिल करताना काय करतात? दुखतं का?

पाठीवर झोपवतात, मान उचलायला किंवा पाय थोडे वर करायला सांगतात म्हणजे पोट ताठ होऊन पोर्ट बोटाला लागतो. कधी क्ष-किरणांखाली बघून करतात. सुई वेगळी असते, पोर्टच्या सिलिकॉनला भोक न पाडणारी. साधी इंजेक्शनची सुई पोर्टमध्ये कधीच घालू देऊ नका. त्यानं पोर्ट गळायला लागतो. टोचल्यासारखं होतं, रक्त काढतात तेवढंच.

किती भरतात? एका वेळी बहुधा अर्धा ते एक मिलिलिटर. कडीत एकूण किती मावतं ते कंपनी आणि मापाप्रमाणे बदलतं, म्हणून "तुझ्यात किती आहे?" असं दुसऱ्याला विचारून काही कळत नाही. भरल्यावर उठवून बसवतात आणि पेलाभर पाणी प्यायला देतात. पाणी सरळ खाली उतरलं तर घरी. घशापाशी उभं राहिलं तर तिथल्या तिथे थोडं काढतात. पाणी न पिता, "घाई आहे, गाडी पकडायचीय" म्हणून कधीही निघू नका. पुढचे एक-दोन दिवस पुन्हा पातळ, मग मऊ, मग नेहमीचं.

किती घट्ट असला म्हणजे बरोबर?

फोनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याला हवं असलेलं उत्तर ठरलेलं असतं: "अजून थोडा टाइट करून घे."

बरोबर असलेला बँड असा असतो: वाटीभर जेवण सावकाश झालं की भूक शमते आणि चार-पाच तास पुन्हा आठवण होत नाही. पोळीचा तुकडा नीट चावला तर उतरतो. रात्री आडवं झाल्यावर काही वर येत नाही. वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरतं.

सैल बँडमध्ये दोन तासांत भूक लागते आणि पूर्वीसारखी दोन पोळ्या, भाजी, भात सहज जातो. तेव्हा फिल हवा.

जास्त घट्ट बँड फसवतो. उलट्या होतात, घशात आंबट येतं, रात्री झोपेत खोकला उठतो, सकाळी पाण्याचा घोटही अडकतो. आणि पोळी, भाजी, चिकन, अंडं काहीच उतरत नाही म्हणून माणूस आपोआप उतरणाऱ्या गोष्टींकडे वळतो. आईसक्रीम, चहात बुडवलेली खारी, शेव, लाडू. मी २०१४ साली आठ महिने असा आवळून ठेवला होता. त्या आठ महिन्यांत वजन चार किलो वाढलं. मी डाएटिशियनला म्हटलं, "अहो, मी काही खाऊच शकत नाही, वाढतंय कसं?" तिनं आठवड्याची वही मागितली आणि चहा मोजले. दिवसाला सहा, प्रत्येकाबरोबर दोन खाऱ्या. पुढच्या भेटीत सर्जननं अर्धा मिली काढला. संध्याकाळी मी ज्वारीची पातळ भाकरी मेथीच्या मुगडाळीत कुस्करून खाल्ली आणि त्या महिन्यात वजन खाली सरकलं.

शिवाय सतत घट्ट ठेवलेल्या बँडनं वरची पिशवी आणि अन्ननलिका फुगत जाते, ते वेगळंच.

एक सवय लावून घ्या. बँड रोज एकसारखा वाटत नाही. बऱ्याच जणांना तो सकाळी घट्ट वाटतो, सर्दी-कफ असताना, ताणात, काहींना पाळीच्या आधी. एका दिवसावरून फिलचा निर्णय घेऊ नका.

घास अडकला तर काय करायचं?

खाणं तिथल्या तिथे थांबवा. उठा, चाला, हात वर करून खोल श्वास घ्या. पाणी पिऊ नका.

पाण्याचं मी मुद्दाम सांगतेय. माझा पहिला घास अडकला तो ऑफिसात. दीडला जेवणाची सुट्टी, दोनला काउंटर उघडायचं, डब्यात पोळी आणि कोबीची भाजी. बोलत बोलत खाल्लं, तिसरा घास नीट चावलाच नाही. छातीच्या मधोमध मूठ आवळल्यासारखं झालं. मग तोंडात लाळ यायला लागली, साधी नाही, फेसाळ, चिकट, थुंकली तरी पुन्हा भरणारी. शेजारच्या सहकारी बाईंना वाटलं हार्ट ॲटॅक. त्यांनी तांब्याभर पाणी आणलं, मी घाबरून दोन घोट प्यायले आणि ते पाणीही घासावर चढून बसलं. चाळीस मिनिटं बेसिनपाशी उभी होते. शेवटी ढेकरेबरोबर तो तुकडा बाहेर आला. अंगठ्याच्या नखाएवढा, पोळीच्या काठाचा.

अडकून गेल्यावर आतला भाग सुजलेला असतो. पुढचे २४ तास पातळ अन्न घ्या, नाहीतर दुसरा घास हमखास अडकतो. काही तासांनीही सुटलं नाही, स्वतःची लाळही गिळता येईना, तर हॉस्पिटल गाठा. तिथे कडीतलं सलाइन काढतात आणि सहसा लगेच मोकळं वाटतं. अननसाचा रस पिऊन घास विरघळवा असलं कोणी सांगेल, करत बसू नका.

आणि छातीतली कळ हातात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला, धाप लागली तर बँडच असेल असं गृहीत धरू नका. आधी ईसीजी.

पोळी, भाकरी, भात, यातलं नक्की काय चालतं?

ज्याचं त्याला शोधावं लागतं. माझा अनुभव असा की ताजी मऊ पोळी वाईट, ती तोंडात चावून गोळा होते. कडक फुलका किंवा खरपूस भाकरी आमटीत भिजवून बरी. मोकळा, शिळा भात अडकतो, आसट भात उतरतो. पाव म्हणजे स्पंज, मिसळीबरोबरचा तर नकोच. साबुदाण्याच्या खिचडीची गत तीच, चिकट. तंतुमय गोष्टी सांभाळून: शेवग्याची शेंग, अंबाडी, संत्र्याची साल असलेली फोड, सुकं खोबरं, कोरडं चिकन.

घास करंगळीच्या नखाएवढा. वीस-पंचवीस वेळा चावायचा, चमचा खाली ठेवून थांबायचं, मग दुसरा. जेवण वीस मिनिटांच्या आत संपवायचं नाही आणि तासभर चघळत बसायचंही नाही. मी लेकाच्या लहानपणीचा चमचा आणि वाटी वापरायला काढली. घरच्यांना गंमत वाटली, पण मापाला ती बरोबर बसली.

ताटात आधी प्रथिनं. दिवसाला निदान ६० ग्रॅम सांगतात. शाकाहारी घरात हे कठीण आहे, त्यात संकोच नको. एका अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात. म्हणजे नुसत्या वरण-भातावर हिशेब जुळत नाही. दही, पनीर, सोया, मोडाची कडधान्यं मऊ शिजवून, आणि गरज पडली तर पावडर.

जेवताना पाणी का नाही?

पाण्यानं वरच्या पिशवीतलं अन्न लवकर खाली सरकतं, भरल्याची जाणीव जाते. घट्ट बँडमध्ये उलट, पाणी वरच राहतं आणि ओकारी होते. जेवणाआधी पिऊन घ्या, नंतर अर्धा ते एक तास थांबा. दिवसात दीड-दोन लिटर मात्र जायला हवं. विसरायला होतं, कारण पूर्वीसारखं गटागटा पिता येत नाही.

मी खूप कमी खाते, तरी वजन उतरत नाही. का?

मे महिना आहे का? मग उत्तर आमरस आहे.

बँड घट्ट अन्नाला थोपवतो. पातळ आणि वितळणाऱ्या गोष्टी त्याला दिसतच नाहीत. आमरस, श्रीखंड, बासुंदी, मिल्कशेक, चॉकलेट, तोंडात विरघळणारी बिस्किटं, शेव, दारू. वाटीभर वरण-भाकरी खाणारी बाई दोन वाट्या आमरस हसत पिते आणि पिशवी रिकामीच. मी आंबा सोडलेला नाही. कापून, फोडी करून, मोजून खाते. रस बंद.

याशिवाय कारणं असतात: बँड सैल झालेला असणं, पोर्ट गळत असणं (भरलेलं आणि काढलेलं सलाइन जुळत नाही तेव्हा हे कळतं), थायरॉइड, किंवा दर काही महिन्यांनी वजनाचा काटा नुसताच थबकणं. शेवटच्याला काही करायचं नसतं.

उपवास, लग्नं, आग्रह... आणि लोकांना सांगायचं का?

उपवास हवा तर करा, पण उपवासाचं ताट बघा: साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, तूप, साखर. शेंगदाणा सोडला तर प्रथिनं शून्याच्या जवळ. दही, ताक, पनीर, राजगिऱ्याची लापशी असा करता येतो. निर्जळी नको.

लग्नात पंगतीपेक्षा बुफे बरा. ताटलीत दोन चमचे घेऊन फिरत राहिलं की कोणी बघत नाही. आग्रह करणारी काकू प्रत्येक मांडवात एक असतेच. "पित्ताचा त्रास आहे, डॉक्टरांनी सांगितलंय" हे वाक्य माझ्या तोंडात पाठ झालंय.

सांगावं की नाही, हा प्रश्न मोठमोठ्यांनाही पडतो. अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये बँड बसवून घेतला तो गुपचूप, आणि मे महिन्यात जाहीर केला. मी ऑफिसात सांगितलं नव्हतं. घास अडकला त्या दिवशी सांगावं लागलं. तेव्हापासून माझं म्हणणं असं की रोज ज्यांच्याबरोबर जेवता त्यांतल्या एकाला तरी माहीत असू द्या. बाकीच्यांना उत्तर देणं लागत नाही. "ऑपरेशन करून बारीक होणं सोपं असतं गं" म्हणणारी भेटेलच. तिला कोबीची गोष्ट सांगायची गरज नाही.

गोळ्या गिळता येतात का?

मोठ्या गोळ्या अडकतात. काही तोडता येतात, काही कुटता येतात, पण सगळ्या नाही. मेटफॉर्मिनच्या काही गोळ्या असतात तशा हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटल्या तर पूर्ण डोस एकदम सुटतो. त्याऐवजी साधी गोळी किंवा सिरप मिळतं का ते डॉक्टरांना विचारा. इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या मनानं घेऊ नका, जठराला व्रण होतो. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र मनानं बंद करू नका.

मधुमेह आणि रक्तदाबाची औषधं पहिल्या काही आठवड्यांतच कमी करावी लागू शकतात. खाणं अर्ध्यावर आणि इन्सुलिन पूर्वीइतकं, असं झालं की साखर झपकन उतरते. घरी मोजायचं यंत्र ठेवा.

केस गळतायत. कायमचे जातील का?

नाही. तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमाराला गळतात, नंतर येतात. वजन झपाट्यानं उतरलं की असं होतं. प्रथिनं आणि लोह कमी पडलं तर जास्त. बँडमध्ये पोषक द्रव्यं शोषली जाण्यात अडथळा येत नाही, पण मुळात खाणंच कमी, त्यामुळे मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम आणि डी चालू राहतात आणि वर्षातून एकदा रक्त तपासतात. बी१२ शाकाहारी लोकांत आधीच कमी असतं. सतत उलट्या होत असतील आणि हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं असं काही सुरू झालं, तर बी१ कमी पडल्याची शंका घेतात. हे वाट पाहत बसण्याचं दुखणं नाही.

मूल हवंय. बँड असताना चालेल?

चालतं. ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात. पण पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडानं पाळी अनियमित होण्याचा त्रास) असलेल्या मुलींनी लक्षात ठेवा, वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस अनपेक्षितपणे राहतात. तोवर गर्भनिरोधक साधन वापरा. गरोदरपणात उलट्या फार झाल्या किंवा बाळाला पुरेसं मिळत नाही असं वाटलं तर सलाइन काढून बँड सैल करतात. हा बँडचा खरा फायदा.

लगेच डॉक्टरकडे कधी धावायचं?

पोटात अचानक जोराची कळ आणि थांबत नसलेल्या ओकाऱ्या. कडी सरकली असू शकते, आणि तसं असेल तर तासांचा प्रश्न असतो. रक्ताची उलटी किंवा काळी शौच. ताप, पोर्टची जागा लाल, गरम, पू. काही काळानं पोर्टला संसर्ग होणं हे कडी जठरात रुतत चालल्याचंही लक्षण असू शकतं, म्हणून नुसत्या अँटिबायोटिकवर भागवू नका. उजव्या बरगडीखाली जेवल्यावर येणारी कळ पित्ताशयाच्या खड्यांची असू शकते. वजन वेगानं उतरताना ते होतात.

बँड जन्मभर राहतो का?

मुदत छापलेली नसते. त्रास नाही तोवर ठेवतात. सरकला, रुतला, गळला किंवा छातीत जळजळ आवरेना तर काढतात, तेही बहुधा दुर्बिणीतूनच. काढल्यावर बहुतेकांचं वजन परत चढतं, म्हणून पुढचा विचार आधीच करतात. स्लीव्ह किंवा बायपास त्याच वेळी, किंवा जठराला काही महिने विश्रांती देऊन.

आता वजनाची इंजेक्शनं आलीत. बँड काढून तीच घेऊ का?

टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइडची वजनासाठीची इंजेक्शनं भारतात २०२५ पासून मिळतात. त्यांनी भूक मंदावते आणि जठर हळू रिकामं होतं. बँड असताना ती घेतली तर मळमळ-ओकारी कशामुळे होतेय हे ओळखणं अवघड होतं, तेव्हा सर्जन आणि औषध देणारे डॉक्टर या दोघांनाही एकमेकांचं माहीत असलं पाहिजे. नुसतं इंजेक्शन मिळतंय म्हणून ठीक चाललेला बँड कोणी काढत नाही.

विमा मिळतो का?

आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींप्रमाणे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ४० किंवा जास्त, किंवा ३५ आणि जोडीला हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं), आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह असा आजार, वय किमान १८ आणि आधीचे सौम्य उपाय फसलेले, एवढं दाखवावं लागतं. भारतीयांसाठी डॉक्टर याहून कमी बीएमआयलाही ऑपरेशन सुचवतात, विमा तिथे नाही म्हणतो. फिलचे पैसे बहुधा खिशातून.

एमआरआय, एंडोस्कोपी, दुसरं ऑपरेशन?

प्रत्येक वेळी आधी सांगा. बहुतेक बँड एमआरआयला चालतात, पण तपासणी करणाऱ्यांना मॉडेल कळावं लागतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर सांगितलंच पाहिजे, कारण उपाशी राहूनही बँडच्या वर अन्न उरलेलं असू शकतं आणि ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

ज्यांनी बँड बसवला ते सर्जन आता शहरात नाहीत. फिल कोण करणार?

हल्ली हे वारंवार होतं, कारण नवे बँड फारसे बसत नाहीत आणि पोर्टची सुई ठेवणारी क्लिनिकंही कमी झालीत. वजनाच्या शस्त्रक्रिया करणारा कोणताही अनुभवी सर्जन करू शकतो, पण तो पहिल्यांदा विचारतो: कंपनी कोणती, माप काय, आत किती मिली आहे. हॉस्पिटलनं दिलेलं इम्प्लांट कार्ड हरवलं असेल तर ऑपरेशनच्या नोंदींची प्रत आजच मागून घ्या. मी एक शंभर पानी वही ठेवली आहे, वाण्याच्या उधारीची असते तशी. डाव्या रकान्यात तारीख, मध्ये भरलं की काढलं, उजवीकडे आत उरलेलं. चौदा ओळी झाल्यात. शेवटच्या ओळीत "काढलं, ०.३" आहे.